फुकट मिळालेली जुनी होडी, पंधरा स्वयंसेवक आणि चौदा महिने

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचा पंधरा जणांचा गट जुन्या काळातल्या नौकानयनाचे प्रसंग उभे करतो. एका गृहस्थांनी तुम्हाला साधारण ८ मीटर लांबीची, सत्तरेक वर्षं जुनी, वल्ह्यांवर आणि शिडावर चालणारी लाकडी होडी फुकट देऊ केली आहे. फळ्या कडेला कडा भिडवून बसवलेल्या आहेत, खिळे लोखंडी आहेत. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तर तळाच्या दोन फळ्या मऊ लागल्या. गटात सुतारकाम येणारा एकच माणूस आहे आणि चौदा महिन्यांनी होणाऱ्या सोहळ्यात होडी पाण्यावर हवी आहे. कुणी म्हणतं बाहेरून फायबरग्लास चढवा, कुणी म्हणतं ही सोडा आणि नवी बांधा. काय करावं?

तुम्ही विचारलंय 'दुरुस्ती की नवी'. मला मात्र अडचण वेगळीच दिसते. एकाच होडीकडून तुम्ही दोन कामांची अपेक्षा करताय. जुनी वस्तू म्हणून तिने टिकावं असंही वाटतंय आणि सोहळ्यात पंधरा जणांचा भार, घासाघीस, धक्के सोसून तिने पळावं असंही. या दोन्ही अपेक्षा क्वचितच एकत्र पुऱ्या होतात, आणि चौदा महिन्यांत तर जवळपास नाहीच. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, कारणं नंतर देतो: होडी घ्या, पण या सोहळ्यासाठी तिच्यावर विसंबू नका. सोहळ्यासाठी छोटी नवी होडी बांधा किंवा कुणाची तरी मागून आणा. जुनीला तिचा वेळ द्या.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. होडी कुठल्या लाकडाची आहे, ती किती वर्षं जमिनीवर पडून आहे, छपराखाली होती की उघड्यावर, आधी गोड्या पाण्यात होती की खाऱ्या, हे मला ठाऊक नाही. यातल्या एकेका गोष्टीने उत्तर फिरू शकतं. खाऱ्या पाण्यात आयुष्य काढून शेडमध्ये दोन वर्षं ठेवलेली होडी वेगळी आणि दहा पावसाळे उघड्यावर उताणी पडलेली वेगळी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. लाकडातला ओलावा ढोबळमानाने २० टक्क्यांच्या वर राहिला की ती कामाला लागते, आणि मीठ तिला फारसं मानवत नाही. त्यामुळे जुन्या होड्या समुद्राच्या पाण्याने कमी आणि वरून पडणाऱ्या पावसाने जास्त कुजतात. तुम्हाला मऊ फळ्या तळाशी सापडल्या, म्हणजे आत पावसाचं पाणी साचून राहिलं असावं असा माझा पहिला संशय. तसं असेल तर त्या दोन फळ्यांपेक्षा त्यांच्या आतल्या बाजूच्या फासळ्यांची बुडं आणि कीलला (होडीच्या तळाचा कणा) लागून असलेला सांधा यांची मला जास्त काळजी आहे.

टोचून बघायचंच तर नीट बघा. स्क्रूड्रायव्हर नको. बोथट टोकाचा बारीक दाभण घ्या आणि सोबत छोटी लाकडी हातोडी. आधी हातोडीने फळीवर टिचक्या मारत पुढे सरका. धड लाकूड टणक, खणखणीत आवाज देतं. कुजलेलं लाकूड ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं 'भद' वाजतं. आवाज बदलला तिथे खडूने खूण करा आणि फक्त तिथेच दाभण टोचा, तोही फळीच्या कडेला किंवा खिळ्याजवळ. जिथे तिथे भोकं पाडत गेलात तर महिनाभराने होडी चाळणी दिसेल आणि त्या भोकांतून नवं पाणी शिरेल. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: कीलला लागून असलेली पहिली फळी, नाळेचा (होडीचं पुढचं टोक) आणि मागच्या खांबाचा कीलशी जोड, फासळ्यांची वरची टोकं जिथे काठाच्या पट्टीखाली दडतात, बसायच्या आडव्या फळ्यांची टोकं. जिथे लाकडावर लाकूड बसतं आणि हवा खेळत नाही, तिथेच कुजायला सुरुवात होते. मधली, सगळ्यांना दिसणारी फळी बहुधा ठणठणीत असते, आणि बघायला येणारा माणूस तिच्यावरच हात फिरवून म्हणतो, 'अहो, काय झालंय हिला!'

होडी खाऱ्या पाण्यात राहिलेली असेल तर शिपवर्मही तपासा. नावात किडा असला तरी तो शिंपल्यांच्या कुळातला मऊ प्राणी आहे. बाहेरचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं आणि आत बोटभर जाडीचे बोगदे असू शकतात. बाहेरून रंग मारलेली फळी गुळगुळीत दिसते आणि आत काहीच उरलेलं नसतं. टिचकीचा आवाज इथेही चहाडी करतो.

आता लोखंडी खिळ्यांबद्दल. फळी धड असली तरी तिला धरून ठेवणारा खिळा गंजलेला असू शकतो. लोखंड गंजताना फुगतं, भोवतालचं लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि हळूहळू खिळ्याची पकड सुटते. एखादी फळी काढाल तेव्हा खिळे बाहेर ओढून बघा. डोकं आणि टोक जाड आणि मधली मान सुईसारखी बारीक झालेली, असे खिळे बरेच निघाले तर दोन फळ्या बदलून भागणार नाही, सगळी होडीच नव्याने खिळायला लागेल. तेव्हा कुणीतरी तांब्याचे किंवा ब्राँझचे खिळे सुचवेल आणि ते योग्यही आहे, पण अर्धे लोखंडी आणि अर्धे तांब्याचे अशी खिचडी पाण्याखाली करू नका. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मढवले. दोनेक वर्षांनी तपासलं तेव्हा तांबं लागलं होतं तिथले लोखंडी खिळे गंजून खलास झालेले होते. जिथे मधे कागद राहून गेला होता तिथले शाबूत होते. दोन धातू, मधे खारं पाणी, की त्यातल्या लवकर गंजणाऱ्या धातूचा बळी जातोच. स्टेनलेस स्टीलचीही भुरळ पडेल. पाण्यावरच्या भागात ते छान, पण ओल्या लाकडात, हवा न लागता गाडलं गेलं की ते आतल्या आत खाल्लं जातं आणि डोकं मात्र चकचकीत राहतं. मला असा फसवणारा खिळा आवडत नाही. गंजणारं लोखंड निदान सांगून तरी गंजतं.

फायबरग्लासबद्दल थोडक्यात: नको. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. फायबरग्लासचं कवच जागचं हलत नाही. कधी ना कधी कवच सुटतं किंवा चिरतं, पाणी आत शिरतं आणि बाहेर जायला वाट राहत नाही. मग आतलं लाकूड कुणाच्या नजरेस न पडता कुजतं. वजनही वाढतं. अगदी अखेरच्या घटका मोजणारी होडी आणखी दोन-चार वर्षं ढकलायची असेल तर हा उपाय समजू शकतो, पण मग ती होडी जतन केली असं म्हणू नये.

यापेक्षा जास्त घातक चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. एका स्वयंसेवी गटाबरोबर मी नऊ मीटरची होडी करत होतो. ती दोन वर्षं शेडमध्ये होती आणि फळ्या इतक्या वाळल्या होत्या की दोन फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसायचा. काही ठिकाणी चार मिलिमीटरची फट. गळेल या भीतीने आम्ही त्या फटी इपॉक्सी या चिकट रसायनाच्या कडक पुट्टीने गच्च भरल्या, घासल्या, रंगवल्या. होडी आरशासारखी दिसत होती. पाण्यात सोडली तेव्हा पहिल्या दिवशी थेंबभर पाणी आलं नाही आणि आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या. तिसऱ्या रात्री राखणीला असलेल्या मुलाचा फोन आला की होडीतून फटाके फुटल्यासारखे आवाज येतायत. फळ्या पाणी पिऊन फुगत होत्या आणि फुगायला जागाच नव्हती, कारण ती आम्ही दगडासारख्या पुट्टीने बुजवून टाकली होती. सकाळी बघितलं तर तळाच्या वळणावर चार फासळ्या आडव्या तडकल्या होत्या आणि काही खिळ्यांची डोकी फळीतून आरपार ओढली गेली होती. तीन महिन्यांचं काम वाढलं.

त्या फटी भरायच्याच नव्हत्या, निदान तशा नव्हेत. वाळलेल्या होडीला आधी ओलं करायचं: तळात आणि बाहेरून भिजवलेली पोती, गोणपाट, दोन-तीन आठवडे. फटी आपोआप मिटत येतात. मग राहिलेल्या फटीत कापसाचा किंवा तागाचा दोरा हलक्या हाताने ठोकायचा, वरून नरम पुट्टी. दोरा ठोकताना नवशिक्यांना जोर काढायची हौस येते. फळी बाजूला सरकेपर्यंत ठोकतात. छिन्नीचा आवाज मऊ आहे तोवर ठोका, आवाज घट्ट आणि वरच्या पट्टीत गेला की थांबा. शेवटी पहिल्यांदा पाण्यात उतरवताना होडी पट्ट्यांवर टांगलेली ठेवा, पंप लावा, दोन-तीन दिवस गळू द्या. गळणं थांबतं. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांचा विश्वास बसत नाही. पहिल्या तासाला घोट्यापर्यंत पाणी बघून अर्धा गट हबकतो. त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता आकाराची गोष्ट. माझ्या लेखी दुरुस्तीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. होडीतलं लाकूड बदलता येतं, खिळे बदलता येतात. तिचा आकार एकदा बिघडला की मूळ काय होता हे सांगायला कुणी नसतं. सत्तर वर्षांची होडी जमिनीवर दोन ठोकळ्यांवर ठेवली की टोकं खाली झुकतात, मधला भाग वर येतो, कूस पसरते. तशाच अवस्थेत फळ्या काढून नव्या बसवल्या तर वाकडा आकार कायमचा पक्का होतो.

नॉर्वेतल्या ओसेबर्ग जहाजाचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९०४ मध्ये उकरून काढलेलं हे व्हायकिंग जहाज हजारेक वर्षं मातीखाली दबून तुकडे तुकडे झालं होतं. ते जुळवताना नाळेकडचा भाग मुळाबरहुकूम जमला नाही. त्या जुळवणीवरून बांधलेली एक प्रतिकृती १९८८ मध्ये चाचणीतच बुडाली. पुढे लेझरने तुकड्या-तुकड्याची नव्याने मापं घेतली गेली, नाळेचा आकार वेगळा असल्याचं लक्षात आलं, आणि त्या आकारावर बांधलेलं 'सागा ओसेबर्ग' २०१२ मध्ये पाण्यात उतरलं. त्या कामात सुतारांच्या जोडीला भरपूर स्वयंसेवक होते. ते जहाज उत्तम चालतं. फरक पडला तो मापांमुळे.

तुमच्या हातात तर अख्खी होडी आहे. हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. भारतीय नौदलात २०२५ मध्ये दाखल झालेल्या 'कौंडिण्य' या शिवलेल्या जहाजाच्या वेळी समोर मूळ जहाज नव्हतंच. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रावरून आकाराचा अंदाज बांधावा लागला, मग प्रारूपांच्या चाचण्या करून तो पडताळावा लागला आणि फळ्या काथ्याच्या दोरीने शिवाव्या लागल्या. तुम्हाला फक्त टेप, ओळंबा, पाणपातळी आणि धीर लागेल.

म्हणून पहिले चार शनिवार-रविवार एकही फळी काढू नका. आधी कीलखाली दर मीटरला आधार द्या. होडीच्या मधोमध, नाळेपासून मागपर्यंत, वरून एक ताणलेली तार बांधा. तिच्यापासून दर अर्ध्या मीटरवर दोन्ही बाजूंची मापं घ्या: काठापर्यंत किती, प्रत्येक फळीच्या सांध्यापर्यंत किती, कीलपर्यंत किती. डावी-उजवी बाजू जुळते का बघा, जुळणार नाही. दोन्ही लिहा, सरासरी काढू नका. प्लायवुडचे साचे कापून आत बसवा आणि दोन्ही काठांना आडव्या पट्ट्या ठोकून होडी बांधून टाका, म्हणजे काम सुरू झाल्यावर कूस उघडणार नाही. प्रत्येक खिळ्याच्या ओळीचा, प्रत्येक जुन्या ठिगळाचा फोटो काढा, बाजूला मापपट्टी ठेवून. जुन्या दुरुस्त्याही होडीचा इतिहासच असतो. एका होडीत मला फळीला आतून लावलेला डब्याच्या पत्र्याचा तुकडा सापडला होता, त्यावर अजून अर्धवट अक्षरं वाचता येत होती. तो आम्ही काढला नाही.

या मापांचा दुसरा उपयोग म्हणजे नवी होडी. मी वर म्हटलं की सोहळ्यासाठी नवी बांधा, ती याच मापांवर बांधता येईल, गरज पडली तर लहान करून. डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डेच्या संग्रहालयाने हीच वाट धरली. फियॉर्डच्या (जमिनीत आत शिरलेली खाडी) तळातून काढलेली पाच व्हायकिंग जहाजं जपून ठेवली आणि पाण्यावर चालतात त्या त्यांच्या प्रतिकृती. त्यातलं 'स्कुल्डेलेव्ह २' हे सुमारे ३० मीटर लांबीचं युद्धाचं जहाज मुळात १०४२ च्या सुमारास डब्लिनला बांधलं गेलं होतं. त्याची प्रतिकृती २००४ मध्ये पाण्यात उतरली, २००७ मध्ये साठेक स्वयंसेवक खलाशी घेऊन डब्लिनला गेली आणि पुढच्या वर्षी परत आली. मूळ जहाजाच्या लाकडाला त्यात ओरखडाही उठला नाही, आणि शीड किती ताण देतं, फळ्या कुठे वाकतात, माणूस रात्री कुठे झोपतो, हे सगळं कळलं. प्रतिकृती मोडली, तिला भोक पडलं, वल्हं आपटलं, तर शिकायला मिळतं. मूळ होडीचं तसं झालं तर पुरावा जातो.

स्वयंसेवकांकडे येतो, कारण लाकडापेक्षा गट आधी मोडतो. माझा अनुभव असा की पहिल्या रविवारी चाळीस हात येतात आणि पाचव्या महिन्यात सहा उरतात. वाईट वाटून घेऊ नका, सहा जणांवर आखणी करा आणि वर येतील ते बोनस समजा. गटात एकच सुतार असेल तर त्याला सुतारकाम करू देऊ नका, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण त्याने स्वतः फळी तासत बसण्यापेक्षा चार जणांना तासायला शिकवणं आणि प्रत्येक तुकडा बसवण्याआधी बघून 'हो' म्हणणं जास्त मोलाचं. शिवाय शक्य असेल तर होडी बांधणारा एक व्यावसायिक कारागीर महिन्यातून दोन दिवस मोबदला देऊन बोलवा. फळी कुठल्या झाडाच्या कुठल्या भागातून घ्यायची, तिचे धागे कसे धावतायत, हे पुस्तकातून येत नाही. सालीजवळचं पांढरट लाकूड फळीत राहिलं तर ते आधी कुजतं, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून योग्य दिवशी ऐकलं तरी त्याचे पैसे वसूल.

नवशिक्यांना खरंच करता येण्याजोगं आणि मन रमवणारं काम म्हणजे रिव्हेट मारणं. हे एकट्याने होत नाही. बाहेरचा माणूस तांब्याचा खिळा ठोकतो आणि त्याच्या डोक्यावर लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरतो. आतला माणूस टोकावर वाशर बसवतो, जादा टोक कापतो आणि छोट्या हातोडीने हलके हलके ठोकत त्याची टोपी बनवतो. मोठे घाव घातले तर खिळा लाकडाच्या आतच वाकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही, मधे फळी. बोलणं सगळं ठोक्यांत. दोनदा टकटक म्हणजे 'धरलंय', एकदा म्हणजे 'झालं, पुढचा'. पहिल्या वीस रिव्हेट काढून पुन्हा कराव्या लागतात. त्यानंतर ती जोडी महिनोन् महिने टिकते, कारण एकजण आला नाही तर दुसऱ्याचं काम अडतं आणि तो फोन करून त्याला बोलावतो. माझ्याकडे गट टिकवायची याहून चांगली युक्ती नाही.

फासळ्या वाफेवर वाकवायचा दिवसही तसाच. लाकडाच्या जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर वाफ द्यायची. पेटीतून काढल्यावर हातात मोजून वीस-तीस सेकंद असतात, तेवढ्यात ती पट्टी जागेवर बसून क्लॅम्प लागला पाहिजे. रांगेत उभं राहून आधी थंड पट्टी घेऊन दोनदा रंगीत तालीम करा. भट्टीत वाळवलेलं लाकूड तडकतं. हवेवर वाळलेलं, जरा ओलसर लाकूड वाकतं. दोन-चार तुटतील असं धरूनच पट्ट्या कापा. आणि फासळ्या एकाआड एक बदला, सगळ्या एकदम कधीही काढू नका. सगळ्या काढलेली होडी म्हणजे नुसतं साल. ती रात्रीतून आकार सोडते.

दोन धोके मला प्रत्येक गटाला सांगावे लागतात. सत्तर वर्षांच्या रंगात शिसं असणार असंच धरून चाला; कोरडं सँडिंग करू नका, ओलं करून खरवडा, धुळीचा नीट मास्क लावा, लहान मुलांना त्या दिवशी शेडपासून लांब ठेवा. दुसरं, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना तापतात आणि काडी न लावता पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाका. लाकडी होड्यांच्या शेडमध्ये आग ही कल्पनेतली गोष्ट नाही.

अस्सलपणाबद्दल तुमच्यात वाद आहे असं प्रश्नावरून दिसतं. माझी रेघ अशी आहे: आकार, जोड आणि लाकूड यांत तडजोड नाही, हत्यारांत हवी तेवढी. सगळी फळी कुऱ्हाडीनेच तासली पाहिजे असा हट्ट धरणारे लोक मला आवडतात, पण चौदा महिन्यांच्या मुदतीत ते गटाला बुडवतात. एक फळी जुन्या हत्यारांनी करा, लोकांना करून दाखवा, बाकीच्यांना यांत्रिक करवत लावा. पण प्रतिकृतीत 'सोयीसाठी' आकार बदलू नका. ग्रीसमध्ये १९८७ मध्ये बांधलेल्या 'ऑलिम्पियास' या प्राचीन युद्धनौकेच्या प्रतिकृतीत १७० वल्हेकरी बसतात. अनेक देशांतून आलेल्या स्वयंसेवकांनी ती चालवली तेव्हा दोन वल्हेकऱ्यांमधलं ०.८८८ मीटर अंतर कमी पडतंय, उंच माणसाला पूर्ण ओढ घेता येत नाही, असं लक्षात आलं. त्यातून प्राचीन हात हे माप मुळात किती लांबीचं होतं यावरच नव्याने विचार झाला. बांधतानाच कुणी सोयीने जागा वाढवली असती तर हे कळलंच नसतं.

माणसांच्या सुरक्षेत मात्र इतिहास आणू नका. लाइफ जॅकेट अंगरख्याखाली लपवता येतं, ते काढून टाकता येत नाही. उलटण्याची चाचणी उथळ पाण्यात, शांत दिवशी, आणि सगळे जॅकेट घालून करा: सगळे एका काठाला बसले तर होडी किती कलते, पाण्याने भरली तर तरंगते का. प्रवासी नेणार असाल तर तिथल्या सागरी यंत्रणेचे नियम काम सुरू करण्याआधी विचारा, नंतर नाही. 'बाउंटी' ही प्रतिकृती १९६० मध्ये एका चित्रपटासाठी बांधली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात ती बुडाली. १६ जणांपैकी १४ जणांना हेलिकॉप्टरने उचललं. चौकशीत मुख्य ठपका वादळाच्या वाटेवर निघण्याच्या निर्णयावर आला आणि सोबत जुनं झालेलं जहाज व अनुभव कमी असलेले खलाशी यांचाही उल्लेख झाला. ठरलेल्या दिवशी पोचायचंच, हा हट्ट होडीवर फार महागात पडतो. म्हणूनच मी तुमच्या चौदा महिन्यांवर इतका अडून बसलोय.

सोहळ्यानंतरचाही हिशोब आत्ताच मांडा. फ्रान्समध्ये रोशफोर्ला १९९७ मध्ये 'एर्मियोन' या मोठ्या जहाजाची प्रतिकृती बांधायला घेतली, २०१५ मध्ये ती अमेरिकेपर्यंत जाऊन आली, आणि २०२१ मध्ये दुरुस्तीला काढली तेव्हा लाकडात बुरशी सापडली. 'मेफ्लॉवर २' १९५७ मध्ये अटलांटिक ओलांडून गेली आणि २०१६ ते २०२० या काळात तिचं बरंचसं लाकूड बदलावं लागलं. म्हणजे नवी होडीही जुनी होतेच. दरवर्षी तळ घासणं, रंग, फटी, पावसात झाकण आणि झाकणाखाली हवा, एवढं करायला तुमच्यातले कोण चार जण तयार आहेत, त्यांची नावं कागदावर लिहा. चार नावं निघाली नाहीत तर त्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हणा आणि होडी एखाद्या संग्रहालयाला दाखवा.

थोडक्यात तुमचं वेळापत्रक मी असं लावेन: पहिले दोन महिने आधार, मापं, फोटो आणि तपासणी, पुढचे दोन महिने नव्या छोट्या होडीचा आराखडा आणि लाकडाची निवड, त्यानंतर आठ महिने तिचं बांधकाम, शेवटचे दोन पाण्यातल्या चाचण्या आणि वल्ही मारायचा सराव. सराव कमी करून सुतारकामाला वेळ देऊ नका, मोह होईल. जुन्या होडीचं खरं काम सोहळ्यानंतर सुरू करा, तेव्हा गटातल्या दहा जणांना रिव्हेट मारता येत असेल आणि चुका नव्या होडीवर करून झालेल्या असतील.

आणखी नेमकं सांगायचं तर मला चार गोष्टी लागतील: होडी किती वर्षं पाण्याबाहेर आहे, मऊ फळ्यांच्या आतल्या बाजूच्या फासळ्यांच्या बुडाशी टिचकी कशी वाजते, ओढून काढलेल्या दोन-तीन खिळ्यांचा फोटो, आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणल्यावर मध्यावर कील किती वर उचलली गेलीय. हे शेवटचं माप ३० मिलिमीटरच्या आत निघालं तर मला बरंच हायसं वाटेल.